ससा खायचा थांबला की: ऑक्सबोच्या क्रिटिकल केअरचं परीक्षण

ऑक्सबो या अमेरिकी कंपनीची क्रिटिकल केअर ही पावडर म्हणजे आजारी सशाचं जेवण आहे, औषध नाही. हे आधीच सांगायला हवं, कारण पुष्कळ घरांत ती औषधासारखी वापरली जाते. ससा दोन वेळा जेवला नाही की पावडर पाण्यात कालवायची आणि सिरिंजने पाजायची. बहुतेक वेळा त्याचा उपयोग होतो. पण आतडं कुठे अडलेलं असेल, ससा गार पडलेला असेल किंवा सिरिंज चुकीची धरली असेल, तर तीच पावडर जिवावर बेतते. म्हणून या परीक्षणात पाकिटापेक्षा ते कधी उघडायचं आणि कसं वापरायचं यावर जास्त लिहिलं आहे. ससा पाळणाऱ्या प्रत्येक घरात हे पाकीट असावं असं आमचं स्पष्ट मत आहे. पावडर चांगलीच आहे. तिच्याबद्दलचे गैरसमज मात्र घातक आहेत.

आतडी मंदावतात म्हणजे नेमकं काय

डॉक्टर ज्याला जीआय स्टॅसिस म्हणतात, त्यात सशाच्या जठराची आणि आतड्यांची हालचाल मंदावते किंवा थांबते. सशाचं आतडं हलतं ठेवतो तो लांब, न पचणारा तंतू. तो सुक्या गवतातून मिळतो, गाजरातून नाही. पोळी, ब्रेड, बिस्किटं, भिजवलेले हरभरे आणि फळं यांवर वाढलेल्या सशाला तंतू कमी पडतो आणि पिष्ट व साखर जास्त होते. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी सीकम नावाची पिशवी असते. तिथल्या जिवाणूंचा समतोल बिघडतो आणि गॅस धरतो. पोट दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. पाणी कमी पडलं की जठरातलं अन्न घट्ट होऊन बसतं. हे चक्र काही तासांत फिरतं. लठ्ठ सशात तर उपाशीपणी यकृतात चरबी साचू लागते, आणि त्यातून ससा वाचणं अवघड असतं.

कारण दर वेळी आहारातच असतं असं नाही. दाढांना आलेली अणकुचीदार टोकं, मूत्राशयातला खडा, दिवाळीचे फटाके, लांबचा प्रवास, जोडीदार जाणं, विदर्भातला मे महिना, यांतलं काहीही पुरतं. दुखणं किंवा भीती हेच मूळ असतं आणि आतडी थांबणं हा त्याचा परिणाम असतो.

केसांच्या गोळ्याची गोष्टही इथेच संपवू. निरोगी सशाच्या जठरातही केस असतात. आतडी थांबल्यावर अन्नातलं पाणी शोषलं जातं आणि केस व अन्न मिळून गोळा बनतो. म्हणजे गोळा बहुतेक वेळा आजाराचं कारण नसून आजाराची खूण असतो. अननसाचा रस किंवा पपईच्या गोळ्या देऊन केस विरघळत नाहीत. त्या रसातली साखर मात्र बिघडलेल्या सीकममध्ये जाऊन पडते.

पाकीट उघडण्याआधी

दहा-बारा तासांत ससा काही खात नसेल किंवा लेंड्या पडल्या नसतील, तर ती तातडीची वेळ आहे. ‘उद्या सकाळी बघू’ हे वाक्य कुत्र्याच्या बाबतीत एखाद वेळ चालतं, सशाच्या बाबतीत चालत नाही. कुबड काढून बसणं, डोळे अर्धवट मिटलेले, दात करकर वाजवणं, पोट जमिनीला दाबून धरणं, कान गार लागणं या दुखण्याच्या खुणा आहेत.

आधी तापमान घ्यावं. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडी पेट्रोलियम जेली, गुदद्वारातून अगदी थोडं आत. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०१.३ ते १०४ फॅरनहाइट असतं. ३८ च्या खाली गेलेला ससा आधी उबदार करायचा, मग भरवायचा. टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एका कुशीला ठेवावी, दुसरी बाजू मोकळी सोडावी, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येतं. गार पडलेल्या शरीरात आतडी हलत नाहीत. अशा वेळी भरवलेलं तिथेच पडून राहतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सशाला उलटी करता येत नाही. आतड्यात केसांची घट्ट गुंडी, गालिच्याचा धागा किंवा सुकी डाळ अडकली असेल, तर वरून घातलेलं प्रत्येक मिलिलिटर जठरात साठतं आणि जठर फुगत जातं. असा ससा तासाभरात एकदम मलूल होतो, गार पडतो, बरगड्यांच्या मागे डाव्या बाजूला पोट फुगून टणक लागतं. त्याला सिरिंजने काहीही द्यायचं नाही. एक्स-रे काढल्याशिवाय साधी मंदावलेली आतडी आणि अडथळा यांत खात्रीने फरक करता येत नाही. रक्तातली साखर हा दुसरा आधार आहे. ती ३६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर डॉक्टर अडथळ्याचा संशय धरतात. हे मोजायला दवाखान्यात रक्ताचा एक थेंब पुरतो. बऱ्याच दवाखान्यांत ही तपासणी होते, फक्त सशासाठी ती करायची असते हे कुणी तरी आठवून द्यावं लागतं.

मग येतं दुखणं थांबवणं आणि पाणी भरून काढणं. दुखत असलेला ससा खात नाही, कितीही भरवला तरी. मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक सशांना दिलं जातं, पण त्यांचा डोस कुत्र्यापेक्षा बराच जास्त असतो आणि शरीरात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडाला मारक ठरतं. म्हणून आधी कातडीखाली सलाईन, मग ते औषध, आणि दोन्ही डॉक्टरांच्या हिशेबाने. घरातल्या डबीतली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांना हातही लावायचा नाही. आतडी चालवणारी औषधं एक्स-रेनंतरच. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन किंवा लिंकोमायसिन सशाला कधीच द्यायचं नाही. ही प्रतिजैविकं सीकममधले उपयोगी जिवाणू मारतात, विषारी जिवाणू वाढतात आणि ससा जातो. कुत्र्या-मांजरांना ही औषधं रोज लिहिली जातात, त्यामुळे चिठ्ठी हातात पडली की नाव वाचूनच मेडिकलमध्ये जावं.

बाळांच्या पोटदुखीचे सिमेथिकोनचे थेंब पुष्कळ जण देतात. अपाय फारसा नसतो, पुरावाही फारसा नाही. थेंबांत शेपू-बडिशेपेचं तेल असतं का ते वाचून घ्यावं, आणि त्या थेंबांवर विसंबून दवाखाना लांबवू नये.

पावडरीत काय आहे

या पावडरीत मुख्य घटक टिमथी गवताचं पीठ आहे. प्रथिनं किमान १६ टक्के, स्निग्ध किमान ३ टक्के, तंतू २१ ते २६ टक्के. शाकाहारी प्राण्यांसाठी बनवलेल्या या पावडरीत गिनीपिगसाठी टिकाऊ क जीवनसत्त्वही घातलेलं असतं. सशाला ते लागत नाही, नुकसानही होत नाही. कुत्र्या-मांजरांसाठीचं किंवा माणसांचं पूरक खाद्य आणि ही पावडर यांत खरा फरक तंतूचा आहे. दुधाची भुकटी, साखर आणि तांदळाचं पीठ यांवर उभं असलेलं बाळांचं सीरिअल सशाच्या सीकमला सोसत नाही. पोट भरतं, पण आजार वाढतो.

चवीच्या दोन पावडरी मिळतात. एक अ‍ॅनिसची, म्हणजे बडिशेपेच्या जवळचा वास असलेली, आणि दुसरी सफरचंद-केळ्याची. पहिलं पाकीट घ्यायचं तर अ‍ॅनिसचं घ्यावं. तिचा वास बहुतेक सशांना खपतो. काही ससे तोंड फिरवतात, त्यांच्यासाठी सफरचंद-केळ्याची. हे आजारपणात शोधून काढण्यापेक्षा ससा ठणठणीत असताना पाव चमचा कालवून बोटाने चाटवून बघावं.

तिसरा प्रकार फाइन ग्राइंड, म्हणजे बारीक दळलेला. तो नाकातून जठरात घातलेल्या नळीतून भरवण्यासाठी आहे, आणि ती नळी डॉक्टरच घालतात. बारीक असल्याने सिरिंजमधून सहज जातो, म्हणून घरी वापरायला लोकांना तोच सोपा वाटतो. पण आतड्याला ढकलणारा जाडसर तंतू त्यात कमी राहतो. तोंडाने भरवायचं असेल तर साधी पावडर घ्यावी आणि सिरिंज बदलावी.

सिरिंज, जिच्यामुळे अर्धी माणसं हरतात

पाकिटात सिरिंज नसते, आणि खरी अडचण इथेच सुरू होते. मेडिकलमधली नेहमीची सिरिंज, जिच्या टोकाला सुई बसते, तिचं भोक या पावडरीला फार बारीक आहे. दोन-तीन दाबांत तंतू तोंडाशी अडकतो. मग माणूस अंगठ्याने जोर लावतो, अडकलेला गोळा एकदम सुटतो आणि पाच मिलिलिटर मिश्रण एका झटक्यात घशात जातं. ते श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसाचा दाह होतो, आणि आतड्याच्या आजारातून वाचलेला ससा त्यात जातो. सिरिंज अडली की जोर लावायचाच नाही. ती तोंडातून बाहेर काढायची, वाटीवर धरून मोकळी करायची, एक-दोन थेंब बाहेर दाबून बघायचे आणि मगच परत लावायची.

घरी चालणारे दोन उपाय आहेत. पहिला, १ मिलीच्या सिरिंजचं टोक जिथे नळी अरुंद होते तिथेच धारदार ब्लेडने सरळ कापायचं. मग ती सरळ नळी होते आणि पावडर कशीही असली तरी अडत नाही. कापलेली कड नखांच्या कानशीने किंवा बारीक पॉलिश पेपरने गोल करून घ्यायची, नाहीतर हिरड्या सोलवटतात. भरताना टोक मिश्रणात बुडवून दट्ट्या मागे ओढायचा. देताना दट्ट्या शेवटपर्यंत ढकलायचा नाही, कारण कापलेल्या टोकातून काळं रबर बाहेर येऊन तोंडात पडू शकतं. अशा आठ-दहा सिरिंज आधीच भरून ओळीने ठेवल्या की मध्ये थांबावं लागत नाही आणि ससाही कमी वैतागतो. १ मिलीची सिरिंज कितीही दाबली तरी एका वेळी १ मिलीच देते. नवख्या हातासाठी यापेक्षा सुरक्षित साधन नाही.

दुसरा, मेडिकलमध्ये रुग्णाला नळीतून पातळ अन्न देण्यासाठी लांब, निमुळत्या टोकाची ५० मिलीची फीडिंग सिरिंज मिळते. भोक मोठं असल्याने अडत नाही. पण दट्ट्या जाड आणि घट्ट असतो, त्यामुळे किती जातंय यावर ताबा राहत नाही. सवय असलेल्या माणसानेच ती थेट तोंडाला लावावी. एरवी तिने लहान सिरिंजा भराव्यात.

दट्ट्याचं रबर काही धुण्यांनंतर कोरडं पडून अडकायला लागतं. अशी सिरिंज फेकून द्यावी. ती स्वस्त असते.

कालवण्याची रीत

प्रमाण एक भाग पावडर, दोन भाग कोमट पाणी. आपल्याकडे ‘मोठा चमचा’ घरोघरी वेगळा असतो, म्हणून खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं खुणांचं झाकण वापरावं. १५ मिली पावडर आणि ३० मिली पाणी घेतलं की तीस-पस्तीस मिली मिश्रण होतं. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम ऊब लागेल इतकंच. उकळतं पाणी ओतलं तर जीवनसत्त्वं जातात आणि गोळ्या होतात.

कालवून पाच मिनिटं ठेवायचं. तंतू पाणी पितो आणि मिश्रण दाटतं. सुरुवातीला पातळ पिठल्याइतकं सैल वाटलेलं चौथ्या सिरिंजपर्यंत घट्ट होतं. त्यामुळे शेजारी कोमट पाण्याची वाटी ठेवावी आणि मधूनमधून अर्धा-एक मिली घालत ढवळावं. सिरिंजमध्ये अडतं म्हणून चहाच्या गाळणीने गाळणारे लोक आहेत. तसं करू नये. गाळणीत राहतो तोच उपयोगी तंतू असतो.

मध, साखर, ग्लुकोज, दूध, दही यांतलं काहीही मिसळायचं नाही. अगदीच तोंड लावत नसेल तर उकडून कुस्करलेला लाल भोपळा, मिठाशिवाय, वासापुरता अर्धा चमचा चालतो.

किती, किती वेळा

पाकिटावर वजनानुसार तक्ता असतो. डॉक्टरांनी वेगळं प्रमाण दिलं असेल तर त्यांचंच धरायचं. प्रमाण हातात नसेल तर सुरुवातीचा हिशेब दर किलो वजनाला दिवसाला तयार मिश्रणाचे ५० मिली, चार ते सहा वेळांत विभागून. १.५ किलोच्या सशाला दिवसाला ७५ मिली, म्हणजे सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० असे पाच वेळा १५ मिली.

पहिली वेळ मात्र अर्ध्यावरच आणावी, दर किलोला पाचेक मिली. एक तास थांबून पोट चाचपावं. पोट मऊच असेल आणि ससा जास्त दुखऱ्या अवस्थेत गेला नसेल तर पुढची वेळ पूर्ण द्यावी. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर पोट फुगत चाललं तर थांबावं आणि दवाखाना गाठावा.

या मिश्रणातून पाण्याची गरज भागत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सशाला दिवसाला दर किलोला सुमारे १०० मिली पाणी लागतं, म्हणजे १.५ किलोच्या सशाला १५० मिली. ७५ मिली मिश्रणात साठेक मिली पाणी जातं. उरलेलं वाटीतून, ओल्या कोथिंबिरीतून, मधल्या वेळेला सिरिंजने किंवा सलाईनने भरावं लागतं. बाटलीच्या नळीपेक्षा जड मातीच्या किंवा स्टीलच्या वाटीतून ससे जास्त पाणी पितात. पावडर चालली, लेंड्याही आल्या, पण ससा कोमेजलेलाच, असं दिसलं तर बहुधा पाणी कमी पडतंय.

भरवताना

ससा चारही पायांवर, नैसर्गिक बैठकीत. टॉवेल पाठीवरून घेऊन दोन्ही बाजूंनी गळ्याखाली जुळवायचा, पुढचे पाय आत, नाक मोकळं. उताणा कधीच धरायचा नाही. उताणा पडलेला ससा शांत दिसतो, पण तो भेदरून गोठलेला असतो, आणि त्या स्थितीत मिश्रण फुप्फुसात जाण्याचा धोका सर्वांत जास्त. सुळसुळीत ओट्यावर नाही, जमिनीवर किंवा चटईवर बसावं, कारण उडी मारली तर पाठीचा मणका मोडतो.

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये सशाच्या तोंडात दातांशिवायची जागा असते. सिरिंजचं टोक ओठाच्या कडेने त्या फटीत, किंचित मागे आणि आडवं घालायचं. समोरून घशाच्या दिशेने सरळ नाही. अर्धा मिली सोडायचा आणि थांबायचं. जबडा हलतो, मग गळा हलतो. तो हलल्यावरच पुढचा अर्धा मिली. चावत नसेल तर सिरिंज बाहेर काढून गाल बाहेरून हलकेच चोळावा. मिश्रण तोंडात साठवून ठेवणारा ससा एकदम श्वास घेतो आणि ठसका लागतो. ठसका लागला, नाकातून हिरवं आलं किंवा श्वास खरखरला तर लगेच थांबायचं, डोकं थोडं खाली करायचं, आणि श्वास साफ झाला नाही तर तडक डॉक्टरांकडे.

१५ मिलीला पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं लागणं ठीक आहे. ससा फार झगडत असेल तर दहा मिनिटांत जेवढं जाईल तेवढं द्यावं आणि अर्ध्या तासाने उरलेलं. भेदरलेल्या सशाची आतडी भीतीनेच थांबतात.

शेवटी हनुवटी, गळा आणि छातीचे केस ओल्या कापडाने पुसून कोरडे करायचे. हे मिश्रण वाळलं की केसांना चिकटून कडक होतं, सोडवताना कातडी सोलते, आणि पावसाळ्यात त्या ओलसर जागी माश्या बसून अंडी घालतात. शेपटीखालची जागाही दिवसातून दोनदा बघावी. अळ्या पडलेला ससा एका दिवसात दगावू शकतो.

प्रत्येक वेळी भरवून झालं की समोर सुकं गवत आणि दोन-तीन काड्या कोथिंबीर, पुदिना किंवा मुळ्याचा पाला ठेवावा. सिरिंजचा हेतू ससा स्वतः खायला लागेपर्यंत आतडी चालू ठेवणं हाच आहे.

बरं होताना काय दिसतं

पहिल्या लेंड्या लहान, वेड्यावाकड्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या माळेसारख्या, कधी त्यांवर चिकट बुळबुळीत थर असलेल्या येतात. घाबरू नये, आतडी चालू झाली आहेत. मग त्या मोठ्या, गोल आणि कोरड्या होत जातात. मोडली तर आत गवताचे तुकडे दिसायला हवेत. लेंड्या रात्री एकदा आणि सकाळी एकदा झाडून मोजाव्यात आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ससा रोज एकाच वेळी मोजावा. वजन सलग उतरत असेल तर मिश्रण कमी पडतंय.

ससा चोवीस तास स्वतःहून गवत खात असेल आणि लेंड्या नेहमीइतक्या पडत असतील तर सिरिंज एका दिवसात बंद करू नये. पाचाच्या तीन वेळा, मग एक, मग बंद. पेलेट्स, म्हणजे सशाच्या तयार खाद्याचे दाबून बनवलेले दाणे, सगळ्यांत शेवटी परत द्यावेत. रात्रीच्या मऊ, घडासारख्या चकचकीत लेंड्या ससा स्वतः खातो, तो जुलाब नव्हे. पण त्या ढिगाने पडून राहत असतील तर आहारात पिष्ट जास्त आहे.

क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणाहून आणलेल्या लहान पिल्लाला पाण्यासारखे जुलाब होत असतील तर त्या दुखण्याला ही पावडर उपाय नाही. त्या वयात कॉक्सिडिया हा परजीवी नेहमी सापडतो. विष्ठेची तपासणी आणि त्याचं नेमकं औषध त्याच दिवशी लागतं.

साठवण आणि खरेदी

१४१ ग्रॅमचं आणि ४५४ ग्रॅमचं अशी पाकिटं येतात. एका सशाच्या घराला १४१ ग्रॅमचं घ्यावं. १.५ किलोच्या सशाला ते आठवड्याच्या आसपास चालतं, आणि एका दुखण्याला बहुधा तेवढं पुरतं. मोठं पाकीट ग्रॅममागे स्वस्त पडतं, पण उघडल्यावर कोकणच्या आणि मुंबईच्या पावसाळी हवेत टिकत नाही. उघडलेल्या पाकिटातली हवा दाबून काढून, झिप लावून, ते घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवावं आणि उघडल्याची तारीख पाकिटावर लिहावी. चमचा ओला नको. खवट, तेलकट वास आला किंवा गुठळ्या दिसल्या तर फेकून द्यावी. कालवलेलं मिश्रण फ्रिजमध्ये चोवीस तास, बाहेर उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त नाही. परत गरम करताना वाटी गरम पाण्यात धरावी. मायक्रोवेव्हमध्ये मधला भाग चटका देण्याइतका तापतो आणि कडेला कळत नाही.

आपल्याकडे ही पावडर आयात होऊन येते. भाव त्यामुळे चढा असतो आणि मुदत संपत आलेली पाकिटं सवलतीत खपवली जातात. विकत घेताना मुदतीचा फोटो आधी मागावा. सुटी करून साध्या पिशवीत भरलेली पावडर घेऊ नये, कारण ती कधी उघडली हे कुणालाच सांगता येत नाही. मागवल्यावर यायला दिवस लागतात. ससा आजारी पडल्यावर मागवलेलं पाकीट उपयोगी पडत नाही, ते आधीच घरात असावं लागतं. परदेशातल्या मराठी घरांना हा त्रास कमी. अमेरिकेत दवाखान्यात ही किंवा लेफेबरची एमरेड मिळते, ब्रिटनमध्ये सुप्रीमची रिकव्हरी.

पाकीट नसेल तर एक-दोन दिवस सशाचे रोजचे, गवतावर आधारलेले पेलेट्स कोरड्या मिक्सरमध्ये दळून, दुप्पट-तिप्पट कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून देता येतात. तंतू कमी असतो, पण उपाशी ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं. रंगीत दाणे, बिया, मका मिसळलेलं खाद्य मात्र यासाठी दळू नये.

पावडरीचं खरं काम आठवड्याचं असतं. रोजचं काम गवताचं. टिमथी आयातीत महाग पडत असेल तर सावलीत वाळवलेलं मारवेल, हरळी किंवा ओटचं गवत चालतं, फक्त फवारणी नसलेलं आणि बुरशीचा वास नसलेलं. लसूणघास मोठ्या सशाला रोज देऊ नये. त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि लघवीत गाळ होतो. गवत चोवीस तास समोर, पाला रोज मूठभर, पेलेट्स दर किलो वजनाला एखादा मोठा चमचा.

इतकं करूनही दर दोन-तीन महिन्यांनी पाकीट उघडावं लागत असेल, तर चूक पावडरीत किंवा गवतात शोधू नये. अशा सशाच्या दाढा, लागल्यास भूल देऊन, कवटीच्या एक्स-रेसह तपासून घ्याव्यात. तोंडात डोकावून दिसतात ते पुढचे दात. टोकं येतात ती मागच्या दाढांना, आणि जीभ किंवा गाल सोलला जात असेल तर ससा गवत सोडून मऊ पालाच निवडतो. तिथूनच पुढचा झटका सुरू होतो.